पहिल्या ओळीतला पानवेल

कोल्हापूरला जाऊन मी रंकाळ्यावर गेले नाही, पन्हाळा बघितला नाही, आणि देवीच्या देवळाचं शिखर रिक्षातून दिसलं तेवढंच. नागपूरला परतल्यावर शेजारणींनी एकेक करून विचारलं आणि प्रत्येकीला मी हेच सांगितलं. मग "गेल्या कशाला होत्या?" असा पुढचा प्रश्न यायचा. त्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी गेले होते एका वेलासाठी. खायच्या पानाचा वेल. रामटेकच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे बाबा तरुणपणी एका पानमळ्यावर पाणी शेंदायच्या कामाला होते. पाणी त्यांनी शेंदायचं, पण मळ्यात पाऊल टाकायचं नाही, कारण आमच्या जातीच्या माणसाचा विटाळ पानवेलाला सोसत नाही, असं मालकाचं म्हणणं होतं. एका वर्षी कुंपणाबाहेर फेकलेले वेलाचे शेंडे बाबांनी उचलले आणि आमच्या विहिरीजवळ शेवग्याच्या बुंध्याशी लावले. वेलाला काही एक झालं नाही. बाबा गेले तरी तो होता, आणि आईला जेवणानंतरचं पान कधी विकत आणावं लागलं नाही.

हातकणंगले तालुक्यातले यशवंतकाका दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायचे. तिथल्या गर्दीत बाबांची त्यांची ओळख झाली, आणि पुढे ते दरवर्षी आमच्या गावी येऊन दोन दिवस राहायला लागले. त्यांनाही पानमळा करायचा होता. एका वर्षी बाबांनी त्यांना आमच्या वेलाची कांडं ओल्या गोणपाटात बांधून दिली. ते गाठोडं काकांनी गाडीत कोल्हापूरपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही, असं आई अजून सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आमचा वेल वाळला. माझा धाकटा भाऊ अरुण शेती बघतो. तो म्हणाला, "उन्हानं गेला." आमच्याकडचं ऊन माहीत असलेल्या कुणालाही ते पटेल. मलाही पटलं. आई मात्र बाजारातलं पान आणून दिलं की एकदा चावून बाजूला ठेवायला लागली.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. अलैंगिक प्रजनन नावाचा धडा असतो. नाव ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि आतून अमिबा निघाला की चेहरे पडायचे. एका अमिबाचे दोन होतात, हायड्राला कळी फुटते, बटाट्याच्या डोळ्यातून बटाटा येतो, पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात. नर नाही, मादी नाही, लग्न नाही, मानपान नाही. मी फळ्यावर एक वाक्य लिहायचे: बी पेरलं तर लेकरू येतं, कांडी लावली तर तोच जीव पुढे चालतो. पानवेल आपल्याकडे कुणी बियांपासून लावत नाही, कांडीच लावतात. म्हणजे काकांच्या मळ्यातला वेल हा आमच्या वेलाचा मुलगा किंवा नातू नव्हता. बाबांनी कुंपणाबाहेरून उचलला तोच तो होता, आणि मालकाचा मळा कधीच मोडलेला, म्हणून आता जगात एवढ्या एकाच जागी उरला होता.

जुन्या वहीतल्या नंबरावर फोन लावला. काकांच्या सुनेनं, सुजातानं उचलला. मी ओळख सांगून विचारलं, तो वेल अजून आहे का.

"हाय की. जातोय कुठं? या, बघा," ती म्हणाली.

देते म्हणाली नाही, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

शिवाजी पेठ

फेब्रुवारीत निघाले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की, माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला वीतभर वेल होता. आमच्या वाळलेल्या वेलाचा बुडाकडचा, वरून हिरवट दिसणारा तेवढाच तुकडा राहिला होता. पेरांमधलं अंतर, कांडीचा रंग, वास, सगळं काकांच्या वेलाशी ताडून बघायचं आणि दोन्ही एकच आहेत याची खात्री करायची, असा माझा बेत. शिक्षकाला पुराव्याशिवाय चैन पडत नाही. दर तीन-चार तासांनी मी फडका भिजवत होते. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "पिशवीत आजारी कोण आहे?" मी हसले. बाईंनी बरोबर ओळखलं होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले.

कोल्हापुरात उतरले ती मालतीकडे. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. तिचं घर शिवाजी पेठेत, तालमीच्या समोर. दारात पोचले तर गल्लीत आठ-दहा माणसं तावातावाने ओरडत होती. मला वाटलं मारामारी. मालती म्हणाली, "छे, कालच्या फुटबॉलचं चाललंय. हरलेत. चल आत." आमच्याकडे एवढा आवाज चढला की लोक खिडक्या लावून घेतात. इथे खिडकीतून आणखी दोघं सामील झाले.

इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो, मी खातो' असं बोलतात. मालतीही शाळेतून निवृत्त झाल्यापासून पुन्हा तसंच बोलायला लागली आहे. पहिला अर्धा दिवस विचित्र वाटतं, नंतर आपणच जरा जास्त नाजूक बोलतोय असं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला गंगावेशीत नेलं. तिथे कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात आणि लोक ग्लास घेऊन उभे. समोर धार काढायची आणि तसंच फेसाळ दूध प्यायचं, न तापवता. मी ग्लास हातात धरून जंतूंवर बोलायला लागले. कच्च्या दुधातून काय काय होतं याची माझी यादी चांगली लांब आहे. शेजारच्या एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"पावणं कुठलं?" त्यांनी मालतीला विचारलं.

"नागपूरचं."

"मग बराबर हाय. प्या ओ ताई. म्हशीसमोर नावं ठेवू ने, तिला कळतंय."

प्याले. गोड होतं. मला काही झालं नाही, हेही इथे नोंदवते.

हातकणंगल्याच्या पुढे

त्याच सकाळी एसटीने हातकणंगल्याला गेले. दोन्ही बाजूला ऊस. कुठे तोड चालू, कुठे भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध, आणि एके ठिकाणी सरीत नवी लागण चाललेली. दोन डोळ्यांची टिपरी ओळीने मातीत दाबत बाया पुढे सरकत होत्या. त्या अख्ख्या पट्ट्यात मूठभरच ऊस आहेत, तेच तुकडे करकरून मैलोन्‌मैल पसरलेत, असं मनात आलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला मी ते सांगितलंही. तो म्हणाला, "व्हय. म्हणून तर एकाला तांबेरा आला की समद्यांस्नी येतोय." आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

सुजाता स्कूटर घेऊन स्टँडवर आली होती. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. तिचा नवरा कागलच्या एमआयडीसीत कारखान्यात आहे, त्यामुळे मळा तीच बघते. घर मळ्याला लागूनच. यशवंतकाका दारातल्या बाजेवर बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढे असतील. मी जय भीम केला. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"भाऊंची पोरगी. नाक त्येच हाय," ते म्हणाले; बाबांना ते भाऊच म्हणायचे. मग सुनेकडे वळून, "च्या टाक. आन् भाकरी टाक. लांबनं आलीया."

चहा झाल्यावर सुजाता मला मळ्याकडे घेऊन गेली. कुंपणाच्या दाराशी ती थांबली.

"चपला हितंच काढा."

हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. पानमळा पवित्र, देवळासारखं अनवाणी जायचं. मी जरा नाक मुरडून म्हटलं, "अजून पाळता तुम्ही हे?"

"विटाळाचं समदं सोडलं आमी," ती म्हणाली. "ह्या जातीनं जायाचं न्हाय, बायकांनी चार दिस जायाचं न्हाय, मामांनी पयल्या वर्षीच बंद केलं. मी चारी दिस जातो. वेल काय वाळला न्हाय. चपलेचं तेवढं ठेवलं. चपलेला दुसऱ्याच्या रानातली माती असती. त्येनं खरंच मरतोय."

मामा म्हणजे तिचे सासरे. मला हे फारच आवडलं. एका घराने सगळ्या रूढी एकेक करून तपासल्या आणि खरी निघाली तेवढीच ठेवली. माझ्यातली शाळेची बाई लगेच जागी झाली. मातीतून पसरणारी बुरशी, तिचे बीजाणू पाण्यातून कसे पोहतात, मुळांशी कसे पोचतात, असं सगळं मी तिला उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग आम्ही अनवाणी आत गेलो.

आत गारवा आणि हिरवा उजेड. शेवरीची झाडं रांगेने लावलेली, प्रत्येकावर वेल चढवून लव्हाळ्याने बांधलेला. आतल्या सगळ्या ओळी दुसऱ्या जातीच्या होत्या, बाजारात चालणाऱ्या. बाबांचा वेल फक्त पहिल्या ओळीत, घराकडून येणाऱ्या पाटालगत. नऊ शेवऱ्या. पान लहान, जरा निमुळतं, माल म्हणून कुणी घेत नाही. काकांनी ती ओळ मोडू दिली नव्हती.

सुजाताने अंगठ्यात लोखंडी नखी चढवली आणि एक पान खुडून मला दिलं. मी ते नुसतंच चावलं. आधी तिखट, मग कानापर्यंत गार. आमच्या विहिरीजवळचं पान. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सुजाता दुसऱ्या शेवरीकडे बघत उभी राहिली.

"परवा उतरण हाय," ती थोड्या वेळाने म्हणाली. उतरण म्हणजे वर चढलेला वेल सोडवून खाली घ्यायचा, बुडाशी वेटोळं करून मातीत गाडायचा, शेंडा तेवढा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरापेराला मुळं फुटतात आणि म्हातारा वेल पुन्हा कोवळा होऊन चढायला लागतो. "तवा शेंडं निघतील. मामा म्हणालं, हिला हवं तेवढं दे."

म्हणजे काम झालं होतं. मी तरंगत घरी आले. सुजाता भाकऱ्या थापायला बसली. मागच्या बाजूला पाट झुळझुळ वाहत होता. माझा फडका वाळून कडक झाला होता. मी पाटाशी बसले, फडका सोडला, दोनदा खंगाळला, पिळला, कांडीच्या बुडाला चिकटलेली माती बोटाने साफ केली आणि पुन्हा गुंडाळली. मग ती कांडी ताटाशेजारी ठेवून सुजाताला म्हटलं, "जेवण झालं की दोन्ही ताडून बघू."

तिने पिठाचा हात पुसून कांडी उचलली. नखीने बूड खरवडलं. आत तपकिरी काळं होतं. तिने वास घेतला.

"ह्यो उन्हानं न्हाय गेला, ताई. उन्हानं वरनं वाळतोय. ह्यो बुडातनं गेलाय." मग ओला फडका बघून, "ह्यो कुठं भिजवलासा?"

"पाटात," मी म्हटलं.

ती उठली आणि पळाली. मी मागे गेले तोवर तिने खोऱ्याने पाटाचं दारं मोडून पाणी ओढ्याकडे काढलं होतं. पण पहिल्या ओळीच्या बुडाशी पाणी आधीच पोचलं होतं. माती गडद झालेली दिसत होती.

काकांनी बाजेवरून विचारलं, "काय झालं गं?"

"मामा, रोग आला रानात."

ती परत आली, कांडी आणि फडका चुलीत टाकला, हात राखेने धुतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सायन्सच्या मास्तरीण नव्हं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. सकाळी म्हशीच्या दुधातले जंतू मला ग्लासात बघून दिसले होते, तासाभरापूर्वी पाण्यातून पोहणाऱ्या बीजाणूंवर मी व्याख्यान झोडलं होतं, आणि हाताने काळं बूड पाटात धुतलं होतं. बाबांचा म्हणून ती कांडी माझ्या लेखी पवित्र होती. पवित्र वस्तूला रोग असतो हे डोक्यातच आलं नाही. बाबांना मळ्याबाहेर ठेवणाऱ्या मालकाची चूक आणि माझी चूक यात फार अंतर नव्हतं.

"जेवून जावा," सुजाता म्हणाली. भाकरी, खर्डा, दही, वांग्याची भाजी. आमच्याकडे रागावलेल्या घरात पाहुण्याला पाणीही नीट मिळत नाही. इथे रागावूनसुद्धा तिने मला दुसरी भाकरी वाढली.

पेठेत, मधला दिवस

"मी फोन करतो," म्हणून सुजाताने स्टँडवर सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी परतीचं तिकीट बदलून मिळतं का बघत होते. मालतीने ते बघितलं.

"पळून चाललीस?"

"तिथे जाऊन काय करू? आणखी काही बिघडवीन."

"त्येंच्या घरात घाण करून आलीस आणि आता झाडू दुसऱ्याच्या हातात? जा की. शिव्या घालतील, खायच्या. हातपाय धड हायत, खोरं धर."

मालतीला मी बी.एड.पासून ओळखते, आणि ती बरोबर बोलली की मला तिचा राग येतो. रागातच कपडे उकळत्या पाण्यात घालून धुतले, पिशवी फेकून दिली, नखं काढली. अरुणला फोन केला आणि विहिरीजवळची माती कुठेही नेऊ नको, तिथलं पाणी दुसऱ्या रानात सोडू नको, असं बजावलं. तो म्हणाला, "पण वेल तिथंच लावायचा ना? आई विचारते." "आल्यावर बोलू," म्हणून मी फोन ठेवला.

उतरण

चौथ्या दिवशी सकाळी न कळवताच गेले. मळ्याकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी चपला काढून चालत आत. सुजाता मळ्यातच होती. पाट आणि पहिल्या ओळीच्या मध्ये तिने गुडघाभर चर खणला होता. ओळीच्या बुडाशी मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी ओतलेलं. दोन दिवसांत एकटीने. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आलासा? बरं झालं. तिकडं घमेलं हाय, चर अजून वाढवायचाय वरच्या अंगाला."

मी चर खणला. म्हणजे ती खणत होती आणि मी माती उचलत होते. हाताला फोड आले. तिने बोलता बोलता सांगितलं की आतल्या ओळींना दुसऱ्या बाजूने पाणी आहे, त्या वाचतील असं वाटतंय. पहिल्या ओळीचं सांगता येत नाही.

"ह्या ओळीची उतरण न्हाय करायची औंदा," ती म्हणाली. "ज्या मातीचा भरवसा न्हाय तिच्यात वेल गाडायचा कसा? रोग बुडातनं चढतोय. शेंडं अजून चांगलं असतील. समदं शेंडं काढायचं आणि लांब न्यायचं."

काकांना खुर्चीसकट आणून कुंपणाच्या आत बसवलं. त्यांना दिसत कमी होतं, पण बोटांना सगळं कळत होतं. सुजाता शिडीवरून शेंडा कापायची, प्रत्येक वेळी पातं निळ्या पाण्यात बुडवून. मी तो काकांकडे न्यायचे. ते पेरं चाचपून चार-चार, पाच-पाच पेरांची कांडं करायला सांगायचे. मऊ लागलं की बाजूला. मला धडा पाठ होता, कुठल्या पेरातून मूळ येतं आणि कुठून फूट, हे मी रंगीत खडूने काढायचे. हातात धरून कांडं मी पहिल्यांदाच करत होते, आणि पहिली दोन वाया घालवली.

मी काकांना म्हटलं, "काका, माझ्यामुळे हे झालं. मी माफी मागते."

ते बोटांनी कांडी फिरवत राहिले. "तुझ्या बानं दिला ह्यो. तू मारलास तर फिट्टंफाट, आमचं तुझ्याकडं काय न्हाय, तुझं आमच्याकडं काय न्हाय. जगला तर मग बघू." आणि कांडी माझ्या हातात परत देत, "भाऊ असता तर त्येनं तुला पाटात ढकलली असती."

मी हसले, आणि मग हसू आवरेना. सुजाताही शिडीवर हसली, पहिल्यांदाच.

बारा धड कांडं निघाली. सहा सुजाताने तिच्या माहेरी, कागलच्या बाजूला पाठवायची ठरवली. सहा मला. केळीच्या सोपटात बांधून तिने गाठोडं माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "विहिरीपाशी लावू नगासा. त्यो त्योच वेल हाय, ताई. तिथं मेला तर तिथं परत मरणार. नवा असता तर कायतरी नवं अंगात असतं."

माझ्या फळ्यावरचं वाक्य तिने मला उलट बाजूने वाचून दाखवलं होतं. तोच जीव पुढे चालतो, म्हणजे त्याचं मरणही त्याच्याबरोबर चालतं. हे मी तीस वर्षांत वर्गाला एकदाही सांगितलं नव्हतं.

नागपूर

अरुण भांडला. बाबांची जागा ती, वेल तिथेच हवा, नाहीतर गेलीस कशाला. मी काळ्या बुडाचं सांगितलं, त्याला पटेना. शेवटी आईने तोडलं. "बाबांनी कुठं जागा बघून लावला होता? जिथं लावू दिला तिथं लावला," ती म्हणाली.

सहा कांडं माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत, उन्हात तापवून घेतलेल्या मातीच्या सहा कुंड्यांत लावली, प्रत्येक वेगळी, एकीचं पाणी दुसरीत जाणार नाही अशी. हिरवी जाळी बांधली, गोणपाट ओलं ठेवलं. मार्चमध्ये दोन गेली. मेच्या उन्हात आणखी दोन. दोन राहिली, जेमतेम हातभर उंच, शेंडा छाटावा इतकं अंग धरलेली नाहीत. एक पान आईला नेऊन दिलं. तिने चावलं, "पाणी बदललंय," म्हणाली, आणि ते पान बाजूला ठेवलं नाही.

जुलैच्या शेवटी सुजाताचा फोन आला. पाऊस मागे मोठ्याने ऐकू येत होता.

"ताई, ओळ गेली."

"सगळी?"

"नऊच्या नऊ. बूड काळं पडलं. आतल्या ओळी चांगल्या हाईत."

"आणि कागलची?"

"त्यी लागलीच न्हाईत."

मी म्हटलं, माझ्या फडक्यामुळे.

"फडका असंल, न्हायतर औंदाचा पाऊस असंल. आता कुणाला इचारायचं?" ती म्हणाली. "तुमच्यात किती हाईत?"

"दोन."

पलीकडे तिने कुणाला तरी, बहुतेक काकांना, 'दोन हाईत' म्हणून सांगितल्याचं ऐकू आलं.

"मी दोन्ही घेऊन येते," मी म्हटलं. "उद्याच निघते. तुमच्या हाताखाली जगतील. मला जमत नाही, सहातली चार मी घालवली."

"दोन्ही आणू नगासा," सुजाता म्हणाली. "एक आणा. एक तिथंच ऱ्हाऊ द्या. चूक काय तुमच्याच हातनं व्हती असं न्हाय."